पाचशे शेहेचाळीसच्या पलीकडे

भातकापणी उरकली, खाचरांतली ओल हटली, की आपल्या उमेळ्यात दरवर्षी कुणी न सांगता खेळपट्टी तयार होते. मुले भाताचे खुंट पायांनी दाबून जमीन सपाट करतात आणि बांधावर बसलेला एखादा धाकटा वहीत धावा मांडू लागतो. याच दिवसांत, २० नोव्हेंबर २०१३ रोजी, विरारच्या चौदा वर्षांच्या पृथ्वी शॉने आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या शालेय सामन्यात ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या. सचिन तेंडुलकर निवृत्त होऊन चारच दिवस झाले होते, आणि आपण सर्वांनी त्या आकड्यात पुढचा सचिन पाहिला. २०१८ मध्ये कसोटी पदार्पणातच त्याने १३४ धावा केल्या. पण त्याच्या नावावर आजवर कसोटी सामने आहेत पाचच.

दोष त्या मुलाला लावू नये. एका आकड्यावर आपण फार मोठे ओझे टाकले. कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यातल्या एका डावात नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा समोरचा संघ दोन डावांत ३१ आणि ५२ धावांत आटोपला होता. हे दुसरे आकडे कितीजणांच्या लक्षात राहिले?

अमेरिकेत एनबीएचे संघ दर जूनमध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलपटू निवडतात, त्यांनाही एका आकड्यावर किती विसंबायचे, हाच पेच पडतो. लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या फेकी एका मोसमात अनेकांच्या शंभर-सव्वाशेच असतात, आणि तेहेतीस टक्के व चाळीस टक्के यांतला फरक शंभरात अवघ्या सात चेंडूंचा. तेवढा फरक नशीबही घडवून आणते. शिवाय महाविद्यालयीन खेळातली तीन गुणांची रेषा व्यावसायिक मैदानातल्या रेषेहून जवळ. म्हणून जाणकार फ्री थ्रोची टक्केवारीही तितक्याच बारकाईने पाहतात: अंतर दोन्हीकडे १५ फूट, अडवायला कोणी नाही, फक्त मुलाचा हात आणि त्याचा सराव. तिथे ज्याचा नेम पक्का, तो पुढे लांबूनही साधेल, हा अंदाज अधिक भरवशाचा ठरत आला आहे.

आपल्या क्रिकेटच्या वहीत अशा भरवशाच्या खुणेला जागा कुठे आहे? आणि ज्याच्या नावापुढे काहीच मांडले गेले नाही, त्याचे काय? फेब्रुवारी १९८८ मध्ये शालेय सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी ६६४ धावांची भागीदारी रचत असताना पॅड बांधून बसलेल्या अमोल मुजुमदारची पाळी आलीच नाही. पुढे त्याने प्रथमश्रेणीत ११,१६७ धावा केल्या, तरी भारताकडून खेळायला मिळाले नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून मैदानावर तोच होता.

या मोसमात बांधावरच्या त्या धाकट्याला आपण एक नवी वही घेऊन देऊ या. तिच्यात धावांशेजारी समोरचा गोलंदाज कोण होता, झेल किती सुटले, आणि पॅड बांधून कोण बसून राहिला, एवढे मात्र त्याच्याकडून दर रविवारी लिहून घेऊ या.