मेंदूचा पीएफ

पहिला पगार हातात आला की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास विचारतं, ‘‘पीएफ कापतात ना रे?’’ तेव्हा त्या कापलेल्या पैशांचा जाम राग येतो. तेवढ्यात नवीन शूज आले असते! पण साठीनंतर तोच पैसा कामाला येतो. मेंदूचंही गणित थेट असंच आहे. फरक एवढाच, की त्याची सॅलरी स्लिप कुणी हातात देत नाही.

डिमेन्शिया, अल्झायमर हे शब्द ऐकले की आपण म्हणतो, ‘छे, ते आजी-आजोबांचं खातं!’ आपल्याला टेन्शन अप्रेझलचं आणि ईएमआयचं. पण डॉ. मिया किव्हिपेल्टो यांचं काम वाचलं की कळतं, हे खातं आपल्या नावावर कधीच उघडलंय.

किव्हिपेल्टो मूळच्या फिनलंडच्या. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये त्या प्रोफेसर आहेत. त्यांच्या आजीला डिमेन्शिया होता आणि या विषयाकडे वळण्यामागे ती आजी आहे, असं त्या सांगतात. त्यांचा सगळा फंडा मात्र सुरू होतो तो मेंदूपासून नाही, हृदयापासून.

झालं असं, की पूर्व फिनलंडमध्ये एकेकाळी पुरुष हार्ट अटॅकने पटापट जायचे. जगातल्या सगळ्यात वाईट आकड्यांपैकी ते आकडे होते. लोणी, साय, मीठ, सिगारेट, सगळंच भरपूर. म्हणून 1972 मध्ये तिथे एक मोठी मोहीम सुरू झाली. लोकांचं बीपी आणि कोलेस्टेरॉल मोजून नोंदी ठेवल्या गेल्या. पुढे 1998 मध्ये किव्हिपेल्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जुन्या नोंदींमधल्या 1449 जणांना पुन्हा तपासलं. मधे सरासरी 21 वर्षं गेली होती. 2001 मध्ये रिझल्ट छापून आला. मध्यमवयात ज्यांचं बीपी किंवा कोलेस्टेरॉल चढलेलं होतं, त्यांना म्हातारपणी अल्झायमर होण्याचा धोका जास्त होता.

म्हणजे स्मरणशक्तीची गडबड सत्तरीत दिसली, तरी तिची सुरुवात खूप आधी झालेली असू शकते. कारण साधं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतला साधारण 20 टक्के वाटा तो एकटा खातो. हा सगळा सप्लाय येतो रक्तवाहिन्यांमधून. पाइपलाइनच खराब झाली तर वरच्या मजल्यावर पाणी कसं चढणार?

मग किव्हिपेल्टो यांनी पुढचा प्रश्न विचारला. धोका कळला, पण तो कमी करता येतो का? त्यासाठी 2009 पासून फिनलंडमध्ये 60 ते 77 वयाचे 1260 लोक निवडले. सगळेच डिमेन्शियाचा धोका थोडा जास्त असलेले. निम्म्या लोकांना आरोग्याचा नेहमीचा सल्ला दिला. उरलेल्यांना फुल पॅकेज! भाज्या-फळं, अख्खी धान्यं आणि मासे असलेला आहार, आठवड्यात ठरलेला व्यायाम (त्यात वजनं उचलणंही आलं), कॉम्प्युटरवर मेंदूला कसरत, ग्रुपमध्ये भेटीगाठी आणि बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलवर डॉक्टरांची नजर. दोन वर्षांनी टेस्ट घेतल्या. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, पण पॅकेजवाल्यांची 25 टक्के जास्त होती. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि मग देशोदेशी हाच प्रयोग सुरू झाला. अमेरिकेत 2,111 लोकांवर झालेल्या अशाच प्रयोगाचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. तिथेही जास्त शिस्तीत, सोबतीने करणाऱ्यांचा फायदा जास्त दिसला.

आता थोडा रिअ‍ॅलिटी चेक. या प्रयोगांत टेस्टचे स्कोअर सुधारले. डिमेन्शिया हमखास टळतो, असं त्यांनी सिद्ध केलेलं नाही. आणि एकट्या आहारावर सगळी भिस्त ठेवाल तर निराश व्हाल. मेंदूसाठी म्हणून गाजलेल्या ‘माइंड’ डाएटची अमेरिकेत तीन वर्षं चाचणी झाली. 2023 मध्ये निकाल आला तेव्हा हे डाएट करणारे आणि नुसतं थोडं कमी खाणारे, यांच्यात ठळक फरक निघाला नाही. तेव्हा ‘ब्रेन बूस्टर’ गोळीची महागडी बाटली उचलण्याआधी एवढं आठवा. किव्हिपेल्टो यांच्या पॅकेजमध्ये खाणं, चालणं, माणसं आणि बीपीचं मशीन, सगळं एकत्र होतं.

आपल्याकडे या पॅकेजला एक कलम जोडावं लागेल. बी-12! पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 441 मध्यमवयीन पुरुष तपासले होते. 2006 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात 67 टक्के लोकांमध्ये बी-12 कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्के. हे जीवनसत्त्व पालेभाजीत नाही, डाळीत नाही. शाकाहारी माणसाला ते मिळतं दूध-दह्यातून, आणि तेही अनेकदा पुरत नाही. ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात, विसरायलाही होतं. बाबा सारखं विसरतात म्हणून घरचे ‘वय झालं’ म्हणत बसतात आणि कधी कधी दुखणं असतं हे! साध्या रक्ततपासणीत कळतं, उपचारही सोपा असतो. मात्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर झालेलं नुकसान पूर्ण भरून निघेलच असं नाही. डायबेटिसची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर डॉक्टरांना नक्की विचारा.

तर मंडळी, हप्ता सुरू करायचाय? हे घ्या.

बीपी : तिशीत आहात म्हणून सोडू नका. वर्षातून एकदा तरी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघाच.

ताट : फिनलंडची बेरी शोधत फिरू नका. भाकरी, पालेभाजी, उसळ, जवसाची चटणी आहेच. मासे खाणाऱ्यांनी बांगड्याला विसरू नये. स्वस्त आणि मस्त!

पाय : जिमची वार्षिक फी भरून घरी बसण्यापेक्षा रोज अर्धा तास भराभर चाला. आठवड्यातून दोनदा स्नायूंना काम द्या.

कान : हे वाचून दचकाल. 2024 च्या ‘लॅन्सेट’ आयोगाने डिमेन्शियाचे 14 टाळता येण्याजोगे धोके सांगितलेत. त्यात बीपी, सिगारेट, डायबेटिसबरोबर कमी ऐकू येणंही आहे. हे सगळे धोके दूर करता आले तर जवळपास 45 टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. तेव्हा हेडफोनचा आवाज कमी करा. आणि आई टीव्हीचा आवाज वाढवत असेल तर चिडू नका, तिचे कान तपासून घ्या.

माणसं : एकटेपणाही त्या 14 मध्ये आहे. कट्टा, भिशी, ट्रेकचा ग्रुप, काहीही चालेल. फॉरवर्ड केलेलं गुड मॉर्निंग मात्र भेट म्हणून धरलं जाणार नाही.

यातलं काहीच ग्लॅमरस नाही, मान्य. पीएफ तरी कुठे ग्लॅमरस असतो? या रविवारी आई-बाबांना घेऊन लॅबमध्ये जा आणि त्यांच्यासोबत स्वतःचीही बाही वर करा.