तीनशेची लेन्स आणि मुगाची पिशवी

परवा पुतण्याने फोनवर सुनावले, "काका, सहाशेची लेन्स नसेल तर पक्ष्यांचा नाद सोडा!" मला हे साफ नामंजूर आहे. पेन्शनीतला माणूस काय नुसता बघतच बसणार?

माझी ७०-३०० सेकंडहँड आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ३०० ची लेन्स साधारण ४५० चे काम करते. हिवाळ्यात इगतपुरीहून पहाटे निघून नांदूरमध्यमेश्वर गाठतो (रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातले पहिले ठिकाण!). मनोऱ्याच्या कठड्यावर मुगाची पिशवी, तिच्यावर लेन्स, शटर १/५०० च्या पुढे, अ‍ॅपर्चर एफ ८. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवतो. फोटो बिघडतो तो बहुधा हात हलल्याने. दुपारी पाण्यावरची हवा थरथरू लागली की लाखाची लेन्सही धूसरच फोटो देते.

आणि आमच्या इगतपुरीचा पाऊस! कपाटात नुसती ठेवलेली लेन्स, स्वस्त असो वा महाग, बुरशी धरते. घट्ट डबा आणि सिलिका जेल हवेच.

पक्षी फोटोत लहान आला तर येऊ दे. मोठा दिसावा म्हणून घरट्यापाशी घुसणाऱ्याला मी तरी पास करणार नाही.

बघा पटतंय का.