पाचट जाळू नका, कुजू द्या!

ऊसतोडणी झाली की अनेक शिवारांत आजही पाचटाला काडी लावली जाते. रान तासाभरात स्वच्छ होते. पण त्याबरोबर काय गेले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते पेटवले की त्यातील कर्ब आणि बहुतेक सारा नत्र धुरावाटे हवेत जातो. मग तोच नत्र आपण पोत्याने विकत आणतो!

हे पाचट कुजवणारे मजूर जमिनीतच असतात. ते म्हणजे सूक्ष्मजीव. पाचटात मुख्यतः सेल्युलोज असते. भातातील पिष्टाप्रमाणेच सेल्युलोज ही ग्लुकोजच्या मण्यांची माळ आहे. फरक आहे तो मणी जोडणाऱ्या दुव्यात. हा दुवा तोडणारे विकर आपले शरीर बनवू शकत नाही. गाईचेही नाही! तिला कडबा पचतो तो तिच्या पोटातील सूक्ष्मजीवांमुळे.

ही माळ इतकी लांब असते, की ती बुरशीच्या पेशीत शिरूच शकत नाही. म्हणून बुरशी आपली विकरे बाहेर सोडते. एक विकर माळ मध्येच तोडते, दुसरे मोकळ्या टोकापासून दोन-दोन मणी सोडवते आणि तिसरे त्या जोड्या फोडून सुटे ग्लुकोज करते. ते बुरशीचे अन्न.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू भराभर कुजू लागले. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. तेथे सापडलेल्या एका ट्रायकोडर्मा बुरशीचा एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी पुढे कसून अभ्यास केला. १९७७ साली तिला रीझ यांचेच नाव मिळाले. तंबूंची ही शत्रू आज कारखान्यांना विकरे पुरवते. तिच्याच कुळातील बुरशा पाचट कुजवण्याच्या संवर्धकांत वापरतात.

शेतकऱ्याच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. पाचटामुळे पाणी देताना अडथळा होतो, आणि ते कुजायला महिने लागतात, कारण सेल्युलोजभोवती लिग्निनचे चिवट कवच असते. शिवाय पाचटात नत्र कमी असल्याने सूक्ष्मजीव तो जमिनीतून घेतात, आणि तेवढा काळ पिकाला तो कमी पडतो. यावर उपाय आहे. पाचट सरीत दाबावे, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो संवर्धक टाकावे आणि ओल राखावी. नुसते ‘जाळू नका’ म्हणून भागणार नाही. हे करून दाखवले पाहिजे.

ते काम शाळांनी करावे. शाळेच्या बागेत दोन खड्डे घ्या. दोन्हींत सारखेच पाचट टाका; एकात वरील मिश्रण त्याच प्रमाणात घाला, दुसऱ्यात नको. ओल मात्र दोन्हींत सारखी ठेवा. दर पंधरवड्याला पाहून नोंद करा आणि ती वही गावातील शेतकऱ्यांपुढे ठेवा. डोळ्यांनी पाहिलेला पुरावा शंभर भाषणांहून अधिक पटतो.