नातवाचे त्रैमासिक आणि संकासुर



यंदा गणपतीत सगळे चाकरमानी घरी जमले असताना नातवाने जाहीर केले, "आजोबा, मी त्रैमासिक काढतोय." छापील, मराठी आणि विषय काय, तर जपानमधली व्यावसायिक कुस्ती! पहिल्या अंकाच्या तीनशे प्रती, खर्च स्वतःच्या पगारातून. पंगत क्षणभर गप्प झाली. मग त्याचे काका म्हणाले, "अरे, ती कुस्ती खोटी. कोण जिंकतलो तां आधीच ठरलेला असता!" सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना.

कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा बोललो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेच्या हस्तलिखिताचे काम माझ्याकडे होते. आठवीतल्या एका मुलाने दारासिंग-किंगकाँगच्या कुस्तीवर चार पाने लिहून आणली. त्याचा मामा मुंबईत गिरणीत होता. त्याने वरळीच्या स्टेडियममध्ये ती पाहिली आणि मे महिन्यात घरी येऊन रंगवून सांगितली होती. शुद्धलेखन भयंकर, पण वाचताना गर्दीचा आरडाओरडा ऐकू येत होता. मी म्हटले, "खोट्या कुस्तीवर काय लिहायचे? 'माझा आवडता ऋतू' लिहून आण." त्याने आणले नाही. पुढे दोन वर्षे तो माझ्या वर्गात होता, पण स्वतःहून काही लिहून दाखवले नाही.

आणि खोटे म्हणणारे आम्ही कोण? जत्रेत दशावतार बघायला रात्रभर बसतो. संकासुर वेद पळवणार आणि विष्णू त्याला मारणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरी कोणी उठून जात नाही. कोण जिंकणार यासाठी नव्हे, कसा जिंकतो यासाठी आपण बसतो. दशावतारातले संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे रचतो. म्हणून पहाटे नाटक संपले की ते गेलेच. अशी किती नाटके आपण लिहून ठेवली?

जपान्यांनी ठेवली. १९५४ साली रिकिडोझान अमेरिकेच्या शार्प बंधूंशी लढला, तेव्हा रस्त्यात लावलेल्या दूरदर्शन संचांपुढे तोबा गर्दी झाली होती. पुढच्याच वर्षी आपला किंगकाँग तिथे जाऊन त्याच्याशी लढला. म्हणजे त्या मुलाचा निबंध आणि नातवाचे त्रैमासिक, दोन्हींत एकच माणूस! या कुस्तीला वाहिलेली साप्ताहिके तिथे निघाली. त्यातले एक, गंमत म्हणजे, 'बेसबॉल मॅगझिन' नावाच्या प्रकाशनाने १९८३ पासून साप्ताहिक केले. 'गाँग' नावाचे दुसरे २००७ साली बंद पडले.

नातवाचेही बंद पडेल, यात मला शंका नाही. मराठीत 'सत्यकथा' १९८२ साली बंद झाले, संदीप पाटील संपादक असलेले 'एकच षटकार'ही टिकले नाही. पण बंद पडले म्हणजे फुकट गेले, असे थोडेच आहे? ज्यांनी ते अंक वाचले, ते आजही त्यांच्या आठवणी काढतात.

म्हणून माझे मत सांगतो. त्याने अंक काढावा. फक्त तीन गोष्टी पाळाव्यात. कर्ज काढू नये. वर्षाची वर्गणी आगाऊ घेऊ नये, अंक हातात दिला की पैसे घ्यावेत, म्हणजे बंद पडल्यावर तोंड लपवावे लागणार नाही. आणि नुसते निकाल छापू नयेत, ते कोणालाही संगणकावर मिळतात. पाहणाऱ्याला काय वाटले, ते लिहावे.

तेव्हा घरच्या मंडळींनो, त्याला हसू नका. एकेक अंक विकत घ्या. मुद्रितशोधन मी करणार आहे.

आणि पहिल्या अंकात चार पाने राखून ठेवायला मी त्याला सांगितले आहे. तो आठवीतला मुलगा आता साठीच्या पुढे गेला असेल. बाबा रे, हे वाचत असलास तर ते पुन्हा लिहून पाठव. शुद्धलेखनाचे मी बघतो.