लूत हे निदान नव्हे

सिरसाळ्यासारख्या परळी तालुक्यातल्या गावात म्हशीने चारा सोडला, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला निरोप जातो. आखाड्यावर राखण करणाऱ्या कुत्र्याचे केस झडू लागले, तर मात्र ‘लूत लागली’ एवढे म्हणून घरचेच इलाज सुरू होतात. कुणी गाडीचे जळके ऑइल चोळतो, कुणी रॉकेल, तर कुणी गोचिडांवरचे औषध पाणी न मिसळता तसेच ओततो. कातडी आधीच सोललेली असते, त्यात कुत्रे अंग चाटते. म्हणजे विष बाहेरूनही जाते आणि पोटातूनही.

मुळात लूत हा एक आजार नाही. कानाच्या कडा, कोपरे आणि पोट खाजवून कुत्रे रक्तबंबाळ होत असेल, तर बहुधा सारकोप्टिस हा खरजेचा किडा असतो. पिल्लाच्या डोळ्यांभोवती किंवा पुढच्या पायांवर चट्टे पडले आणि खाज फारशी नसेल, तर केसांच्या मुळाशी राहणाऱ्या डेमोडेक्सचा संशय येतो. गोल चट्टे बुरशीचे असू शकतात. शेपटीच्या बुडाशी केस गेले असतील, तर पिसवा शोधाव्या लागतात. दिसायला सगळे सारखे, औषध मात्र प्रत्येकाचे वेगळे.

इथेच अंदाज महागात पडतो. खाज थांबावी म्हणून दिलेले स्टेरॉइड डेमोडेक्स आणि बुरशी दोन्ही वाढवते. माणसांच्या गजकर्णावर मिश्र मलमे चोळून आज तेच झाले आहे. आयव्हरमेक्टिन हे गुणकारी औषध. त्याच्या शोधासाठी २०१५चे नोबेलही मिळाले. पण गुरांसाठीच्या बाटलीतून कुत्र्याला अंदाजाने टोचले, तर मात्रा सहज चुकते आणि कुत्रे झोकांड्या खात बेशुद्ध पडू शकते. काही जातींच्या कुत्र्यांना तर थोडी मात्राही सोसत नाही.

प्रश्न फक्त कुत्र्याचा नाही. त्याच्याशी खेळणाऱ्या मुलाच्या हातावर, पोटावर पुरळ उठते. मलमाने बसते, पुन्हा येते. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या कातडीत फार काळ टिकत नाही. पण कुत्रे बरे होईपर्यंत नवे किडे येतच राहतात. बुरशी तर थेट लागते. म्हणून खाजेचा रुग्ण आला की ‘घरात कुत्रे-मांजर आहे का?’ हा प्रश्न माणसांच्या डॉक्टरनेही विचारलाच पाहिजे. आणि लूत लागलेले कुत्रे दूर नेऊन सोडणे हा उपाय नव्हे. तो आजार दुसऱ्या वस्तीत पोचवणे आहे.

निदानाला मोठे यंत्र लागत नाही. एक पाते, काचपट्टी, तेलाचा थेंब आणि सूक्ष्मदर्शक पुरतो. कातडी खरवडून पाहायची, एवढेच. सारकोप्टिस एका तपासणीत हुकू शकतो, म्हणून निकाल डॉक्टरच्या नजरेसह वाचावा लागतो. ही सोय तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात हवी, आणि गायीमागून आलेल्या कुत्र्यालाही तिचा लाभ मिळायला हवा. अवघड आजारासाठी शेजारच्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

मालकाचेही काम आहे. केस उगवले म्हणून औषध बंद करू नये. डेमोडेक्सला कित्येक आठवडे लागतात. घरातली सगळी कुत्री एकदम तपासावीत, अंथरूण उकळत्या पाण्यात धुवावे, आणि त्याच खेपेत रेबीजच्या लशीचे विचारावे.

रात्रभर शेत राखणाऱ्या जनावराला दवाखान्याची एक खेप देणे ही काही मेहेरबानी नाही. त्या खेपेत घरातल्या मुलांचीही काळजी घेतली जाते.