धूमकेतूच्या धुळीत आगीची खूण

सूर्यमालेच्या जन्मापासून गोठून राहिलेला बर्फ आणि धूळ यांचा गोळा म्हणजे धूमकेतू, असे आपण शाळेपासून शिकत आलो. सूर्यापासून दूर, कायपर पट्ट्यातील कडाक्याच्या थंडीत जन्मलेल्या या पिंडांमध्ये सूर्याहूनही जुने, इतर ताऱ्यांभोवती घडलेले कण मुबलक सापडतील, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा होती. प्रत्यक्ष धूळ हाती आल्यावर मात्र या समजाला धक्का बसला.

'नासा'चे 'स्टारडस्ट' यान फेब्रुवारी १९९९ मध्ये अवकाशात झेपावले. २ जानेवारी २००४ रोजी ते 'वाइल्ड-२' या धूमकेतूच्या गाभ्यापासून सुमारे २४० किलोमीटर अंतरावरून गेले. पूर्वी बराच दूर फिरणाऱ्या या धूमकेतूची कक्षा १९७४ मध्ये गुरूच्या आकर्षणाने बदलली होती आणि त्यामुळेच तो यानाच्या टप्प्यात आला. सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने आदळणारे कण झेलण्यासाठी यानावर 'एरोजेल' हा अतिहलका, सच्छिद्र पदार्थ बसविला होता. १५ जानेवारी २००६ रोजी हे कण असलेली कुपी अमेरिकेतील यूटाच्या वाळवंटात उतरली. मिळालेली धूळ जेमतेम एक मिलिग्रॅमच्या घरात होती.

या चिमूटभर धुळीत ऑलिव्हिनचे स्फटिक आढळले. त्याहून आश्चर्याची बाब म्हणजे कॅल्शियम व अॅल्युमिनियम यांनी समृद्ध असा एक कणही मिळाला. असे कण हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात, म्हणजे नवजात सूर्याच्या निकट घडतात. शास्त्रज्ञांनी त्याला 'इंती' या इंका संस्कृतीतील सूर्यदेवाचे नाव दिले. आगीजवळ घडलेले हे पदार्थ सूर्याभोवतीच्या तबकडीतून बाहेर वाहत जाऊन बर्फात मिसळले, हाच त्याचा अर्थ. २००९ मध्ये याच नमुन्यांत ग्लायसिन हे अमिनो आम्ल असल्याचे जाहीर झाले.

मात्र, एका धूमकेतूवरून सर्वांची परीक्षा करणे घाईचे ठरेल. धूमकेतूंची धूळ पृथ्वीवरही सतत येत असते. 'नासा'ची विमाने सुमारे २० किलोमीटर उंचीवर ती गोळा करतात. एप्रिल २००३ मध्ये ग्रिग-शेलेरप या धूमकेतूच्या धुळीचा पट्टा पृथ्वीच्या वाटेत येणार, हे हेरून खास उड्डाणे करण्यात आली. त्या धुळीतील काही कणांत सूर्यपूर्व पदार्थांचे प्रमाण 'वाइल्ड-२'पेक्षा कितीतरी अधिक निघाले.

अंटार्क्टिकाच्या बर्फातील सूक्ष्म उल्कांवरून २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, अशी सुमारे ५,२०० टन धूळ दरवर्षी पृथ्वीच्या पृष्ठभागावर पोचते आणि तिचा बहुतांश भाग धूमकेतूंचा असावा. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधकही हिंदी महासागराच्या तळगाळातील अशा वैश्विक गोलकांचा अभ्यास करीत आले आहेत. अडचण अशी, की वातावरणातून येताना वितळलेल्या कणांचे मूळ गाव ओळखणे कठीण असते. कोणता कण कोणाचा, हे ठामपणे सांगता येते ते थेट धूमकेतूपाशी जाऊन आणलेल्या नमुन्याबाबतच.

नेमका तोच मार्ग आज दुर्लक्षित आहे. बेनू लघुग्रहावरून २०२३ मध्ये १२१ ग्रॅम माती आली. धूमकेतूच्या गाभ्यावरून मात्र आजवर एक ग्रॅमही आलेला नाही. चुर्युमोव्ह-गेरासिमेंको धूमकेतूवरून किमान ८० ग्रॅम पदार्थ आणण्याची 'सीझर' ही योजना २०१९ मध्ये मागे पडली. 'नासा'ने शनीच्या टायटन या उपग्रहावरील 'ड्रॅगनफ्लाय' मोहिमेची निवड केली. टायटनचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. तथापि, पृथ्वीवर पाणी आणि जीवनाचे घटक कोठून आले, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा हिस्सा त्या गाभ्यातील बर्फात दडलेला आहे. मिलिग्रॅमभर धुळीने जुना सिद्धान्त बदलायला लावला. पुढची पायरी आता त्या बर्फापर्यंत जाण्याची आहे.