समरकंदचे एक भावंड बिदरला आहे (थ्रेड)

१/ समरकंदच्या निळ्या घुमटांची छायाचित्रे सामायिक करणाऱ्या मित्रहो, तीच तैमुरी शैली आपल्या शेजारी, बिदरला उभी आहे. महमूद गावानचा मदरसा, इ. स. १४७२. मध्ये प्रशस्त चौक, त्याच्या चारही बाजूंना उंच कमानींची दालने, तीन मजली खोल्या, आत मशीद आणि ग्रंथालय. दर्शनी भिंतीवर रंगीत फरशा कापून, तुकडा तुकडा जुळवलेली नक्षी व कुराणातील आयती. समरकंदच्या उलुगबेग मदरशाशी (१४१७-२०) त्याचे नाते ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

२/ हे दख्खनमध्ये आले कसे? गावान मूळचा इराणमधील गिलानचा. व्यापारी म्हणून आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. हेरातचा कवी जामी याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता.

३/ आम्हा कोल्हापूरकरांना मात्र तो निराळ्या कारणाने ठाऊक असायला हवा. १४६९ नंतरच्या कोकण मोहिमेत त्याने पावसाळ्यात कोल्हापुरी तळ दिला, खेळणा (आजचा विशाळगड) घेतला आणि १४७२ मध्ये गोवा जिंकला. म्हणजे मदरसा पूर्ण झाला, तेच वर्ष! आक्रमक आणि विद्याप्रेमी हे एकच माणूस होते. त्यातला सोयीचा अर्धा निवडणे हा इतिहास नव्हे. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला.

४/ मोगल अमलात इथे शिबंदी व दारूगोळा ठेवला गेला. १६९६ च्या सुमारास स्फोट होऊन प्रवेशद्वार, दर्शनी भागाचा दक्षिणार्ध आणि एक मिनार कोसळला. ग्रंथालयात दारू साठवणाऱ्यांविषयी काय बोलावे!

५/ पडलेला मिनार पुन्हा उभारावा, असे अनेकांना वाटते. माझे मत विरुद्ध आहे. समरकंदची बीबी खानुम मशीद पाहा. १८९७ च्या भूकंपाने ती आणखी ढासळली आणि सोव्हिएत काळापासून जवळजवळ नव्याने बांधली गेली. आज ती देखणी आहे. पण तिच्यातले तैमूरकालीन काय आणि विसाव्या शतकातले काय, हे सामान्य प्रेक्षकाला कळत नाही. बिदरला ते कळते. उघड्या दगडाशेजारी तग धरून राहिलेली फरशी अस्सल आहे, म्हणून पैसा व कौशल्य आधी तिच्यावर खर्चावे. ती एकदा निखळली की परत मिळणार नाही.

६/ कबनूरहून समरकंदला जायला पासपोर्ट लागतो. बिदरला जायला एक रात्र पुरते.